बंबावर चढण्याआधीचे दोन महिने

पत्र :
वय २०, वाई तालुक्यातल्या एका गावात राहतो. पोलीस भरती दोनदा थोडक्यात हुकली. या वर्षी अग्निशामकाच्या सहा महिन्यांच्या सरकारी प्रशिक्षणाला अर्ज केला आणि यादीत नाव लागलं! हजर व्हायला अजून दोन महिने आहेत, पण मला आत्तापासूनच चैन पडत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर आगीचे व्हिडिओ बघत बसतो. पळणं चालूच आहे, शिवाय जिम लावली आहे. धाकधूक एकाच गोष्टीची वाटते. तोंडावर मास्क लावून धुरात सोडतात म्हणे, तिथे जीव घुसमटला तर? आईने तर धसकाच घेतलाय, आगीत जायची नोकरी नको म्हणते. आणखी एक. माझ्या मित्राचं नाव यादीत आलं नाही. तो शहरातल्या एका खासगी संस्थेत पैसे भरून फायरचा डिप्लोमा करायचं म्हणतोय. त्याने करावा का? आणि या दोन महिन्यांत मी नक्की काय काय करू?

उत्तर :
सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन. दोनदा हुकल्यावर तिसऱ्यांदा फॉर्म भरायला जिगर लागते, आणि ती तू दाखवलीस. चैन पडत नाही याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. वर्दीची, म्हणजे मदतीला बोलावणाऱ्या खबरीची, घंटा झाली की झोपेतून उठून मिनिटाच्या आत गाडीत असावं लागतं. ज्याला त्या घंटेची ओढच नाही त्याला ही नोकरी फार जड जाते. तुझ्याकडे ओढ भरपूर आहे. फक्त ती सध्या मोबाईलवर खर्च होतेय.

व्हिडिओत ज्वाळा दिसतात. प्रशिक्षणाचे पहिले कित्येक आठवडे तुला ज्वाळा दिसणार नाहीत. दिसेल ते कवायतीचं मैदान, होज म्हणजे पाण्याचा लांब पाईप, दोर, शिडी आणि पंप. तीच होज उलगडायची, जोडायची, गुंडाळायची आणि पुन्हा उलगडायची. निव्वळ ज्वाळांच्या आकर्षणाने आलेली मुलं इथे कंटाळतात, आणि कंटाळलेला माणूस कपलिंग, म्हणजे होजच्या टोकाचा जोड, अर्धवट बसवतो. म्हणून आजपासून रात्री दहाला मोबाईल बाजूला ठेव आणि पहाटे पाचला ऊठ. सहा महिने तुझा दिवस असाच उगवणार आहे, शरीराला आत्ताच सवय लागू दे.

आता शरीराचं. पोलीस भरतीसाठी तू १६०० मीटर पळत होतास, म्हणजे दम तयार आहे. पळणं आठवड्यातून तीन दिवस ठेव, त्याहून वाढवू नकोस. तुझ्याकडे कमी असणार ते ओझं घेऊन चढणं, ओढणं आणि रांगणं. फायर सूट, हेल्मेट, बूट आणि पाठीवरचं श्वसनयंत्र मिळून अंगावर वीस-पंचवीस किलो चढतात आणि त्यासकट जिने चढायचे असतात. नुसते दंड आणि छाती फुगवून हे जमत नाही. मांड्या, कंबर आणि हाताची पकड लागते. जिममध्ये जायचंच तर स्क्वाट, डेडलिफ्ट आणि पुलअप्स कर, बाकी यंत्रं सोडून दे.

गावात राहतोस हा तुझा फायदाच आहे. सॅकमध्ये १० किलो वाळू भरून टेकडी चढ. दोन आठवड्यांनी १२ किलो कर, मग १५. पंधराच्या वर जाऊ नकोस. त्यापुढचं वजन प्रशिक्षकाच्या नजरेखालीच चढवायचं. उतरताना पळायचं नाही, कारण वजन पाठीवर असताना गुडघे जातात ते उतारावर. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन भरून दोन हातांत घे, ५० मीटर चाल, खाली ठेव, वळ, परत आण. ट्रॅक्टरचं जुनं टायर मिळालं तर त्याला दोर बांध आणि दोर हातात धरून पाठमोरा मागे सरकत ओढ. बेशुद्ध माणसाला खोलीबाहेर काढताना अंग असंच वापरलं जातं. दिवसाच्या शेवटी बारला नुसतं लोंबकळायचं, तीस सेकंदांपासून सुरुवात करून एका मिनिटापर्यंत.

यात एकच चूक सगळे करतात, पहिल्याच आठवड्यात सगळं काही करून बघायचं. मग नडगी दुखायला लागते, मुलगा तशीच दामटतो आणि प्रशिक्षणाला लंगडत हजर होतो. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून बघ. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं ताबडतोब थांबव आणि डॉक्टरांना दाखव. दोन महिने बक्कळ आहेत, घाई नको.

होजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझे सगळ्यात जास्त तास तिच्याबरोबर जाणार आहेत. बंबावर नेहमी दिसणारी डिलिव्हरी होज ६३ मिलिमीटर व्यासाची असते. १५ मीटरची होज रिकामी असली की तिची गुंडाळी एका हातात धरून पळता येतं. पाणी भरलं की तेवढ्याच लांबीत सुमारे ४७ लिटर पाणी बसतं, म्हणजे ४७ किलो. ३० मीटरच्या होजेत त्याच्या दुप्पट. म्हणून होज आधी जागेवर न्यायची, जास्तीची लांबी वळणं देत मोकळी टाकून ठेवायची आणि मगच पाणी मागायचं. नवीन मुलं उत्साहात 'वॉटर ऑन' ओरडून मोकळी होतात. ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी मारायची नळी, अजून तळमजल्याच्या जिन्यात असते, होज तिथेच फुगते आणि मग तीच होज दोन मजले वर न्यायला आणखी चार माणसं मागवावी लागतात.

होज मध्यावर दुमडून गुंडाळतात, त्याला डच रोल म्हणतात. अशी गुंडाळली की दोन्ही कपलिंगं बाहेरच्या बाजूला राहतात. गुंडाळी पुढे लोटायची, एक टोक जोडीदाराच्या हातात राहतं आणि दुसरं घेऊन तू पळतोस. गुंडाळताना होजचे दोन पदर एकावर एक बरोबर बसले नाहीत तर उलगडताना पीळ पडतो आणि पाणी आलं की त्या पिळाशी प्रवाह अडतो. शिडीवर उभा असलेला माणूस पाण्याची वाट बघत राहतो आणि कारण खाली, कुणाच्या तरी कालच्या निष्काळजी गुंडाळण्यात असतं. गुंडाळण्याआधी होज एका टोकापासून खांद्यावर घेत घेत आतलं पाणी पूर्ण काढून टाकावं लागतं. ते कंटाळवाणं आहे, पण पाणी आत राहिलं की होज खराब होते.

कपलिंग जोडताना मेल टोक फीमेलमध्ये सरळ रेषेत दाबायचं. तिरकं दाबलं तर एकाच बाजूची खिट्टी पकडते आणि सात बारच्या दाबाला (बार हे दाबाचं माप) ती सुटते. 'खट्ट' असा आवाज येतो. आवाज आला तरी एकदा उलटं खेचून बघायचंच. जोडण्याआधी फीमेलच्या आत बोट फिरवून रबरी वॉशर जागेवर आहे का ते चाचपायचं. त्या खाचेत वाळूचा खडा अडकलेला असला तरी जोड गळतो, आणि वॉशरच नसला तर जोडापाशी सगळा रस्ता भिजतो, ब्रांचला मात्र जोर उरत नाही.

ब्रांच धरण्याचा थरार काय असतो हे तुला लवकरच कळेल, आणि तो थरार खराच आहे. त्यामागचं गणित मात्र आत्ताच पाठ कर. नोझलच्या, म्हणजे ब्रांचच्या तोंडाच्या, व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करायचा, त्याला दाबाच्या वर्गमुळाने गुणायचं आणि आलेल्या संख्येची दोन तृतीयांश घ्यायची. उत्तर मिनिटाला किती लिटर ते मिळतं. २० मिलिमीटरचं नोझल आणि ७ बार दाब घे. ४०० गुणिले २.६५, त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे मिनिटाला साधारण ७०० लिटर. ४५०० लिटरचा बंब या हिशेबाने साडेसहा मिनिटंही पुरत नाही. म्हणून बंब आगीपाशी पोचला की अधिकारी आगीइतकंच लक्ष विहीर, टाकी, हायड्रंट (बंबासाठीचा पाण्याचा नळ) कुठे आहे याकडे देतो. त्याच नोझलवर ब्रांच मागे ढकलते ती सुमारे ४५ किलोच्या जोराने, म्हणून मागे दुसरा माणूस हवाच. नोझल हळू उघडायचं, हळूच बंद करायचं. फटकन बंद केलं तर धावतं पाणी जागीच थडकतं, दाबाचा हिसका होजभर मागे जातो, कमजोर जागी होज फुटते नाहीतर मागचा माणूस आडवा होतो. होजच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून कधी उभं राहू नकोस. आणि ब्रांच हातातून सुटलीच तर तिला पकडायला धावायचं नाही. पितळेचा तो तुकडा उसळत असताना डोकं फोडतो. पंपावरच्या माणसाला ओरडून होजचं पाणी बंद करायला लावायचं.

आता मास्क. तू त्याबद्दल विचारलंस हे फार बरं केलंस. भीती लपवून आत जाणाऱ्यापेक्षा आधी बोलणारा मुलगा जोडीदार म्हणून आम्हांला जास्त भरवशाचा वाटतो.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये असते ती दाबलेली साधी हवा. नुसता ऑक्सिजन नसतो. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने १८०० लिटर हवा बसते. पुस्तकात माणशी मिनिटाला ४० लिटर धरतात, म्हणजे ४५ मिनिटं. दाब ५० ते ५५ बारवर आला की शिट्टी वाजायला लागते. तेव्हा जेमतेम ३०० लिटर शिल्लक असतात आणि ती हवा कामासाठी नाही, ती अडीअडचणीसाठी. राहिली सदतीस मिनिटं. हेही बेताच्या श्वासाचं गणित झालं. होज ओढत जिना चढणारा, घाबरलेला माणूस मिनिटाला ८० लिटर सहज घेतो, मग शिट्टी एकोणिसाव्या मिनिटालाच वाजते. म्हणजे श्वास हळू घेणं हीच तुझी जास्तीची हवा. शिट्टी वाजल्यावर परत फिरायचं नसतं, शिट्टी वाजेल तेव्हा बाहेर असायला हवं. आत जायला लागला त्याहून जास्त वेळ बाहेर यायला लागतो, कारण तोवर तू थकलेला असतोस.

जीव घुसमटतो तो का, हे समजून घे. मास्कच्या आत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवलेला असतो. तू जितका ओढशील तितकी हवा ते यंत्र देतं. तरी गुदमरल्यासारखं वाटतं, कारण घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागातून भराभर, उथळ श्वास घेतो. आतली वापरलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, तीच पुन्हा आत ओढली जाते आणि मेंदू 'हवा कमी आहे' असं सांगत राहतो. उपाय श्वास सोडण्यात आहे. वाळूची सॅक घेऊन टेकडी चढताना चार पावलांत श्वास घे, सहा पावलांत सोड. दोन महिने हेच करत राहिलास तर मास्कमध्ये तुझं शरीर आपोआप तसंच वागेल.

घरी दुसरा एक सराव कर. डोळ्यांवर पट्टी बांध आणि गुडघ्यांवर रांगत घरभर फिर. एका हाताची बोटं भिंतीला लागलेली, उजवा धरलास तर शेवटपर्यंत उजवाच. परत येताना वळून डावा हात त्याच भिंतीला लावलास की दारापाशी येतोस. दुसऱ्या हाताने समोरचं चाचपायचं ते हाताच्या मागच्या बाजूने. उघडी वायर तळव्याला लागली तर स्नायू आखडून मूठ तिच्यावरच बंद होते, मागच्या बाजूला लागली तर हात आखडून दूर जातो. उभ्याने चालावं लागलं तर पाय उचलून टाकायचा नाही, सरकवायचा. भार मागच्या पायावर ठेवून पुढची जमीन खरी आहे का हे बघायचं. आईला किंवा बहिणीला सांग, एखादी खुर्ची मध्येच सरकवून ठेवा. मात्र तोंडावर ओला रुमाल, प्लास्टिकची पिशवी असलं काही बांधून श्वास कोंडण्याचे प्रयोग अजिबात नकोत. त्याने सवय होत नाही, जीव मात्र जाऊ शकतो.

केंद्रात पहिल्याच दिवशी धुरात सोडत नाहीत. आधी मास्क नुसता हातात घ्यायचा, मग उजेडात लावायचा, मग काच झाकून, मग अंधाऱ्या खोलीत, मग कृत्रिम धुरात. यातल्या कुठल्याही पायरीला छाती दडपली तर पहिल्यांदा थांब. मास्कला हात लावू नकोस. गुडघ्यावर बस, भिंतीला हात लाव, जोडीदाराच्या अंगावर थाप मार आणि एक लांब श्वास सोड. बाहेर यायचं असेल तर दोघांनी मिळून यायचं. एकदा बाहेर आलास म्हणून कुणी तुला नापास करणार नाही. एकटा सुटून पळालास तर मात्र तुझ्यामुळे जोडीदार अडचणीत येतो, आणि ते कुठलाही प्रशिक्षक खपवून घेत नाही.

दाढीचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण हल्ली सगळ्यांना ती प्रिय आहे. मास्कची रबरी कड कातडीला चिकटली पाहिजे. दोन दिवसांचे खुंटही ती कड उचलून धरतात, तिथून हवा बाहेर गळत राहते आणि सिलिंडर जोडीदाराच्या आधी रिकामा होतो. चश्म्याची दांडीही तेच करते. चश्मा असेल तर केंद्रात पहिल्याच दिवशी सांग.

आगीचं शास्त्र वर्गात शिकवतील, त्यातल्या दोनच गोष्टी डोक्यात घेऊन जा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १७०० लिटर जागा लागते. बंद खोलीत तापलेल्या छतावर अंदाधुंद पाणी मारलं की ती वाफ मारणाऱ्याच्याच अंगावर येते, आणि सूटच्या आत वाफेने भाजतं. दुसरी गोष्ट धुराची. दाराच्या फटीतून धूर आतबाहेर श्वास घेतल्यासारखा होत असेल आणि खिडकीच्या काचा काळ्या पडून तापलेल्या असतील, तर आत आग हवेसाठी अडून बसलेली आहे. ते दार उघडलं की स्फोट होऊ शकतो. अशा दाराला अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय हात लावायचा नाही, कितीही हुरूप आलेला असला तरी.

दोराच्या गाठी मात्र आजच सुरू कर. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा तीन मीटर दोर घे. बोलाईन, क्लोव्ह हिच, शीट बेंड, राउंड टर्न आणि दोन हाफ हिच, आणि चेअर नॉट, या पाच गाठी. बोलाईन आवळत नाही, म्हणून माणसाच्या कमरेभोवती तीच. क्लोव्ह हिच खांबाला किंवा वर खेचायच्या हत्याराला. चेअर नॉटमध्ये दोन फासे होतात, एक काखेत आणि एक गुडघ्यांखाली, आणि बेशुद्ध माणूस खिडकीतून खाली सोडता येतो. रीफ नॉटही शिकवतात, पण ती बँडेज बांधायला. दोन वेगळ्या जाडीचे दोर रीफने जोडले तर ती सरकून सुटते. तिच्यावर जीव टांगायचा नाही. उजेडात जमलं की डोळे मिटून, मग जाड हातमोजे घालून, मग हात पाठीमागे नेऊन बांध. धुरात बांधायची असते तेव्हा गाठ दिसत नाही, बोटांनाच ओळखावी लागते.

उंचीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा भीती नसावी. शिडीचा पाया भिंतीपासून तिच्या टेकण्याच्या उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर हवा, ८ मीटरला २ मीटर. जवळ लावली तर ती माणसासकट मागे कलंडते, लांब लावली तर पाय सरकतो. चढताना दोन पाय आणि दोन हात यांतले तीन नेहमी टेकलेले. जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या चादरीत, उडी मारायची नसते, कठड्यावरून पाऊल बाहेर टाकायचं असतं, आणि पडायचं ते पाठ आणि कुल्ल्यांवर. पायांवर पडलास तर घोटे जातात. मुंबई अग्निशमन दलाच्या भरतीत हीच उडी १९ फुटांवरून मारायला लावतात.

नोकरीला लागल्यावर रोज आग लागत नाही. झाड पडलं, लिफ्ट अडकली, रस्त्यावर तेल सांडलं, मांजात घार अडकली, विहिरीत कुणी पडलं, नदीला पूर आला, अशा वर्दी ढिगाने येतात. तुला कृष्णेचं पाणी माहीत आहे, पण पोहता येतं का? नसेल तर या दोन महिन्यांत जाणत्या माणसाबरोबर शिकून घे. रोज सकाळी बंबाची तपासणी असते. सिलिंडरचा दाब, पंपाचा प्रायमर (पंपातली हवा काढणारा भाग), हत्यारांची जागा, टायर, डिझेल. ज्याने सकाळी प्रत्येक वस्तू हाताळली आहे त्याला रात्री अंधारात कटर शोधावा लागत नाही.

आता आई. तिला 'काही होत नाही गं' असं सांगू नकोस. तिला खोटं कळतं. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. मे २०१५मध्ये काळबादेवीला जुनी इमारत कोसळून मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत प्रमुख अधिकारीही होते. धोका आहे हे मान्य कर आणि मग त्याची काळजी कशी घेतात ते तिला सांग. आत कुणी एकटा जात नाही. आत जाणाऱ्याच्या यंत्राचा टॅग दारातल्या माणसाकडे राहतो. त्यावरून नाव, सिलिंडरचा दाब आणि आत गेल्याची वेळ फळ्यावर लिहितात. कोण कधी बाहेर यायला हवा हे त्यावरून कळतं आणि उशीर झाला तर दुसरी जोडी तयार असते. एप्रिलमध्ये १४ ते २० अग्निशमन सेवा सप्ताह असतो. बऱ्याच केंद्रांवर त्या दिवसांत प्रात्यक्षिकं होतात आणि माणसांना आत येऊ देतात. एप्रिल लांब असेल तर जवळच्या नगरपालिकेच्या केंद्रावर आधी फोन करून परवानगी घे आणि आईला घेऊन जा. तिला तिथल्या जवानांशी स्वतः बोलू दे, तू बाजूला थांब. आया बरोबर प्रश्न विचारतात.

आईला एक गोष्ट आवर्जून सांग, कारण यात तिची मदत होईल. आग विझल्यानंतरची काजळी अंगावर, कपड्यांवर बसते आणि तिच्यात विषारी द्रव्यं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२मध्ये अग्निशामकाच्या कामातल्या संपर्काला कर्करोगाचं कारण ठरलेल्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून वापरलेला सूट घरी न्यायचा नाही, घरच्या कपड्यांत धुवायचा नाही, केंद्रावरच अंघोळ करून निघायचं, मान आणि कानामागचा भाग घासून. आणि ढिगारा उपसताना, ज्वाळा गेल्या म्हणून मास्क काढायचा नाही. धुमसणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साईड तेव्हाही येत असतो. काजळी माखलेला चेहरा फोटोत शूर दिसतो. तो फोटो काढायचा मोह टाळ.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. निवडपत्रात यादी असते, मूळ प्रती आणि झेरॉक्सचे तीन संच ठेव. एमएस-सीआयटी झालं नसेल तर उरकून घे, भरतीच्या जाहिरातींत ते मागतात. चामडी बूट आजच विकत घे आणि रोज तासभर घाल. नव्या बुटांनी पहिल्या आठवड्यात टाचा सोलल्या की कवायतीत लक्ष राहत नाही.

राहिला तुझा मित्र. पैसे भरण्याआधी त्याने एक काम करावं. ज्या महानगरपालिका-नगरपालिकांत त्याला लागायचं आहे त्यांच्या मागच्या फायरमन भरतीच्या जाहिराती काढाव्यात आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दन् शब्द वाचावा. बऱ्याच जाहिरातींत 'राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई यांचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. खासगी संस्थेचं प्रमाणपत्र त्या रकान्यात बसत नसेल तर ते कितीही चकचकीत असो, छाननीत अर्ज बाद होतो. कारखान्यात किंवा मॉलमध्ये सुरक्षेच्या नोकरीला असा डिप्लोमा उपयोगी पडू शकतो. तेवढंच हवं असेल तर करावा. संस्थेवाले 'शंभर टक्के सरकारी नोकरी' म्हणत असतील तर तेच वाक्य लेटरहेडवर लिहून मागावं. लिहून देत नाहीत.

तुझ्याच पाठ्यक्रमाला त्याला पुन्हा अर्ज करता येईल. आजवर या पाठ्यक्रमाला वयाची अट १८ ते २३ राहिली आहे, राखीव प्रवर्गाला सवलत असते. दहावीला ५० टक्के, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६. मुंबई अग्निशमन दल आपली भरती वेगळी करतं; तिथे पुरुषांना १७२ सेंटिमीटर उंची मागितली आहे आणि बारावीला ५० टक्के. तेव्हा दोघांनीही दाराच्या चौकटीला टेकून उंची मोजा, सकाळी, अनवाणी. मग टेपने छाती मोजा, आधी साधी आणि मग पूर्ण श्वास भरून. हा ५ सेंटिमीटरचा फरक बऱ्याच धडधाकट मुलांना नडतो, कारण ते खांदे उचलतात आणि फासळ्या तशाच राहतात. मित्राचा फरक चारवर अडकत असेल तर त्याला रोज तुझ्याबरोबर ती टेकडी चढायला ने.